रस्ता त्यांचा, बंब आपला

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला बसता येतं, बोलता येत नाही. आमच्या वसाहतीत बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी मिळून जायचं आणि सभागृहात काय ते तोंडावर सांगायचं, असा बेत होता. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांनी तो पहिल्याच भेटीत मोडीत काढला. “ताई, तुम्ही पन्नास जणं आलात तरी तिथे तोंड मलाच उघडायचंय. त्यामुळे मी काय बोलायचं ते नीट लिहून आणा.” मी सोसायटीची सचिव, म्हणजे लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पुढचं सगळं त्याच्या मागोमाग.

तक्रारी दोन होत्या. पहिली आवाजाची. आमची वसाहत आधीची, चौपदरी महामार्ग नंतरचा. जुना रस्ता जमिनीलगत होता. रुंदीकरणात त्याच्याखाली भराव पडला आणि ट्रकची चाकं आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या पातळीला आली. वसाहतीसमोर वळण आहे, वळणाच्या अलीकडे रस्त्यावर जाड पांढऱ्या पट्ट्यांचे रंबलर. भरलेली गाडी त्यावरून जाते तेव्हा नुसती धडधड होते. रिकाम्या ट्रकचे फाळके आपटतात, ते जास्त वाईट. त्यात प्रेशर हॉर्न.

दुसरी तक्रार आगीची. वसाहतीच्या मागच्या बाजूला भंगाराचं गोदाम आहे, त्याला उन्हाळ्यात आग लागली. अग्निशमन केंद्र जुन्या गावात, म्हणजे महामार्गाच्या पलीकडे. पूर्वी समोरच दुभाजकाला कट होता, तो रुंदीकरणात बंद झाला. जवळचा बोगदा लहान गाड्यांपुरता. बंब महामार्गावर आला, गच्चीवरून आम्हाला दिसला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या पुलाकडे निघून गेला. वळसा घालून येईपर्यंत गोदामाचं छप्पर खाली आलं होतं. आत माणूस कोणी अडकला नव्हता.

मी दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहिल्या होत्या. आवक खिडकीवर शिक्का मारण्याआधी तिथल्या कारकुनांनी अर्ज वाचला (हे फार क्वचित होतं) आणि परत केला. “मॅडम, वेगवेगळे करा. एका कागदावर दोन विषय आले की बांधकामवाले म्हणणार अग्निशमनचं आहे, अग्निशमनवाले म्हणणार बांधकामचं. कागद टेबलांवर फिरत राहतो.” या एका सल्ल्याने आमचे किती महिने वाचले कोण जाणे. दोन अर्ज केले, दोन्हीवर वेगळे आवक क्रमांक घेतले, सह्यांची यादी दोन्हींना जोडली.

आवाजाच्या अर्जाला आकडे हवेत, असं नगरसेविकांचं म्हणणं. तरुण मुलांनी मोबाइलवर ॲप टाकून मोजमाप केलं, पण एकाच गच्चीवर दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवत होते. शेवटी अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक कॅलिब्रेट केलेला ध्वनिमापक घेऊन आले आणि रात्री आमच्या गच्चीवर बसले. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री, म्हणजे 10 ते 6 या वेळात, 45. आमच्याकडे मध्यरात्रीनंतरही काटा साठीच्या खाली फारसा उतरत नव्हता. पंधराचाच फरक, असं कोणी म्हणेल. सरांनी समजावलं, की डेसिबलचं गणित सरळ चालत नाही. दर 10 डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उलट बाजूने पाहिलं तर रस्त्यावरची निम्मी वाहतूक बंद केली तरी मापकावर 3 डेसिबलच कमी होतात. हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलं आणि सभेच्या दिवशी सारखं आठवत राहिलं.

आगीच्या अर्जासाठी मी अग्निशमन केंद्रावर गेले. आमच्या एका सभासदाने विचारलं होतं, ‘तिथे जाऊन काय करणार, त्यांच्याविरुद्धच तक्रार आहे ना?’ तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हतीच. केंद्रप्रमुख पन्नाशीचे, कमी बोलणारे. कालिन्याच्या अग्निशमन अकादमीत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून नोकरीला लागलेले. त्यांनी मला बंब दाखवला आणि मग हिशेब मांडला. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी. मोठी नळी पूर्ण दाबाने सोडली तर मिनिटाला चार-पाचशे लिटर जातं. म्हणजे दहाएक मिनिटांत गाडी रिकामी, मग ती भरायला जायचं कुठे? तुमच्या बाजूला जलकुंभ आहे, पण त्याला बंब भरायचं तोंड काढलेलं नाही. मला हे काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आग विझवायला आलेली गाडी मधेच निघून गेली म्हणून गोदामाच्या मालकाने त्या दिवशी त्यांना शिव्या घातल्या होत्या. ती पाणी आणायला गेली होती.

“तुम्ही दुसरी गाडी मागताय ना?” त्यांनी विचारलं.

“हो. आमच्या बाजूला उपकेंद्र आणि एक बंब.”

“गाडी येईल हो. सरकारकडून मिळते, निधी असतो. पण चालवणार कोण? रात्रपाळीला माझ्याकडे एक चालक आणि दोन फायरमन. त्यातला एक कंत्राटी. तीच माणसं दोन गाड्यांवर वाटली तर दोन्ही गाड्या निकामी.”

मी म्हटलं, हे तुम्ही साहेबांना सांगा. ते म्हणाले, “दर वर्षी लिहून देतो.”

घरी येऊन मी अर्ज पुन्हा लिहिला. आधी बंब मागितला होता. आता तीन गोष्टी मागितल्या: आमच्या बाजूला पाळीनिहाय माणसांसह उपकेंद्र, जलकुंभाला बंब भरण्याची जोडणी, आणि महामार्गाच्या बंद केलेल्या कटावर फक्त तातडीच्या गाड्यांसाठी कुलपाचं फाटक. तिसरी मागणी केंद्रप्रमुखांची. त्यांनी ती कागदावर कधी लिहिली नव्हती, कारण रस्ता नगरपरिषदेचा नाही.

आणि या सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या ताब्यात असतो. त्यावर भिंत बांधणं, पट्टे काढणं, कट उघडणं यातलं काहीच नगरपरिषद स्वतः करू शकत नाही. ती ठराव करून विनंती करते. अवजड वाहनांना वेळेचं बंधन घालायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली राज्य सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने घालायचं. रात्री निवासी भागात हॉर्न वाजवायला नियमाने बंदी आहे, पण पकडायचं पोलिसांनी. आग विझवणं मात्र थेट नगरपरिषदेचं काम. नगरपरिषदांच्या 1965च्या अधिनियमात ते अनिवार्य कर्तव्यांमध्ये आहे, आणि 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर. थोडक्यात, आमच्या दोन अर्जांपैकी एकावर सभेला अधिकार होता, दुसऱ्यावर फक्त आवाज होता.

विषयपत्रिका निघाली तेव्हा नगरसेविकांनी फोटो पाठवला. महामार्गाचा विषय वरच्या भागात, अग्निशमनचा जवळजवळ तळाला, त्याच्याखाली ‘ऐनवेळचे विषय’ तेवढा. प्रत्येक विषयाखाली कार्यालयाची टिपणी असते. महामार्गाच्या टिपणीत होतं, ‘सदर रस्ता नगरपरिषदेच्या अखत्यारीत येत नाही. सभेने योग्य तो निर्णय घ्यावा.’ अग्निशमनच्या टिपणीत उपकेंद्रासाठी नगरपरिषदेचा मोकळा भूखंड सुचवला होता, शेड आणि वाहनाचा उल्लेख होता, ‘उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून’ हे शब्दही होते. माणसांबद्दल चकार शब्द नव्हता. जलकुंभाची जोडणी पाणीपुरवठा विभागाकडे गेली म्हणे.

सभेला आम्ही मोजकीच मंडळी गेलो आणि मागच्या खुर्च्यांवर बसलो. केंद्रप्रमुख अधिकाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात टोकाला गणवेशात बसले होते. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, काही विषय नुसते वाचून ‘मंजूर, मंजूर’ म्हणत गेले. मग महामार्ग आला आणि सभागृह जागं झालं.

नगरसेविकांनी मुद्दे चांगले मांडले. पण त्यांच्यानंतर जो तो उठू लागला. एकांना गतिरोधक हवे होते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचे नसतात हे बाजूला ठेवलं, तरी ट्रक आधी ब्रेक मारणार आणि मग गियर टाकून उठणार, तो आवाज कोण ऐकणार? दुसरे म्हणाले, झाडं लावा. एका रांगेतल्या झाडांनी आवाज अडत नाही. नजर अडते, मनाला बरं वाटतं. आवाज अडवायला दाट झाडीचा चांगला रुंद पट्टा लागतो, आणि तेवढी जागा भरावाला आणि आमच्या कुंपणाला मिळूनही नाही. तिसऱ्यांनी रात्री अवजड वाहनांना शहरबंदी करण्याचा ठराव मांडला आणि टाळ्या घेतल्या. मला सरांचे ते 3 डेसिबल आठवले. मागे बसून बोलता येत नसल्याचा त्रास त्या घटकेला खरा कळला.

मग कोणीतरी म्हणालं, “बाकीचं राहू द्या, रंबलर उखडा. आवाजाचं मूळ ते आहे.” हे आतापर्यंतचं सगळ्यात शहाणं वाक्य होतं. त्यावर शाळेच्या प्रभागाचे एक ज्येष्ठ नगरसेवक सावकाश उठले.

“अध्यक्ष महोदया, हे पट्टे त्या खात्याने आपणहून टाकलेले नाहीत. आपल्याच सभेने मागितले होते. त्या वळणावर सायकलवरचं पोर गेलं तेव्हा. मी सूचक होतो.”

सभा लिपिकांनी जुनं इतिवृत्त काढलं, ठराव वाचून दाखवला. सर्वानुमते मंजूर झालेला. सभागृह काही क्षण गप्प झालं आणि मला ते ज्येष्ठ गृहस्थ एकदम आवडून गेले. त्यांनी विरोध केला नाही. पट्टे काढा म्हणू नका, वळणापासून मागे, वस्ती संपते तिथे सरकवा म्हणा, एवढंच सुचवलं. गाडीवाल्याला इशारा आधी मिळतो आणि घरांपासून आवाजही लांब जातो.

भिंतीचा मुद्दा आल्यावर मात्र सगळे एक झाले. सलग ध्वनिरोधक भिंत, वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंत आवाज खरंच अडवते, पण तिला दोन अटी आहेत. ऐकणारा आणि चाकं यांच्यामधली सरळ रेषा तिने तोडली पाहिजे, आणि मधे फट नको. सलग भिंत म्हणजे महामार्गावरून आमच्या सर्व्हिस रोडला उतरायची वाट बंद. बंब कुठून उतरणार? मी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. त्यांना कोणी विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय अधिकाऱ्याने बोलायचं नसतं. मी चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती नगरसेविकांकडे धाडली: ‘भिंतीत बंबाची वाट ठेवा.’ त्यांनी ती वाचली, उभ्या राहिल्या आणि ते वाक्य ठरावात घालून घेतलं. कोणी हरकत घेतली नाही. कोणी ऐकलं तरी का, शंका आहे.

महामार्गाच्या विषयाने सभेचा बहुतेक वेळ खाल्ला. बोललं कोण नाही, हे सांगणं सोपं. अग्निशमनचा विषय पुकारला गेला तेव्हा चहा येऊन गेला होता, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लिपिकांनी टिपणी वाचली. एकांनी विचारलं, गाडी नवी की जुनी? नवी. “मग मंजूर.” सूचक, अनुमोदक, संपलं. ज्या कामावर सभेला पूर्ण अधिकार, ज्यात पैसा आपला, जागा आपली, माणसं आपली, त्यावर चर्चा शून्य. नगरसेविका मनुष्यबळाचा मुद्दा मांडायला उठल्या, तोवर पुढचा विषय सुरू झाला होता. त्यांचा दोष नाही. त्या दिवसभर भांडून दमल्या होत्या, आणि सभागृहाला भांडायला महामार्गाचाच विषय आवडला होता.

मला वाटतं यामागे साधं कारण आहे. महामार्गावर बोलताना कोणाच्याच खिशाला हात लागत नाही. दोष दुसऱ्या खात्याचा, खर्च त्यांचा, आणि विनंती फेटाळली गेली तर राग त्यांच्यावर. अग्निशमनवर बोलायचं म्हणजे पदं कोण भरणार, पगार कुठून देणार, आणि गावातल्या किती इमारती जानेवारी-जुलैत अग्निसुरक्षेचा ‘ब’ नमुना भरून देतात, असे प्रश्न निघणार. तो नमुना 2006च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा द्यायचा असतो, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून. सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या स्वतःच्या इमारती आहेत. मी कोणाला नाव ठेवत नाही. पण त्या तीन मिनिटांत विषय उरकला, त्याचा अर्थ मला असा लागला.

प्रमाणित नक्कल मिळायला वेळ गेला. ठराव हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं नगरसेविकांनी बजावलं होतं आणि ते बरोबर ठरलं. सभागृहात ‘भिंत बांधलीच पाहिजे’ म्हणून टेबलं वाजली होती. कागदावर होतं ‘संबंधित विभागास शिफारस करण्यात यावी’. बंबाच्या वाटेचं वाक्य मात्र शब्दशः आलं होतं. अग्निशमनच्या ठरावात ‘तत्त्वतः मान्यता’. हा शब्द मी पुढे बराच पाहिला. त्याचा व्यवहारातला अर्थ, हो म्हटलंय पण पैसे ठेवलेले नाहीत.

महामार्ग सांभाळणाऱ्या कार्यालयाचं उत्तर आलं: ध्वनिरोधक भिंत मंजूर कामात समाविष्ट नाही. तिथेच थांबलो असतो तर फाईल बंद झाली असती. ज्येष्ठ नगरसेवकांनी संयुक्त पाहणी मागून घेतली आणि केंद्रप्रमुखांना पत्राने बोलावलं. पत्र असल्यामुळे त्यांना बोलता आलं! वळणावर उभं राहून त्यांनी बंबाची लांबी आणि वळायला लागणारी जागा पावलांनी मोजून दाखवली. आलेल्या अभियंत्याने वहीत आकृती काढली: भिंत मधेच तोडायची नाही, दोन भिंती पुढेमागे ठेवायच्या आणि त्यांची टोकं एकमेकींच्या पुढे बरीच लांब न्यायची. मधल्या वाटेने गाडी उतरते आणि आवाजाला सरळ रस्ता मिळत नाही. सभागृहात इतका वेळ ओरडून जे सुचलं नाही ते रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत निघालं, कारण तिथे ज्याला विचारायला हवं त्याला विचारलं गेलं.

पट्टे सरकले. वस्तीच्या अलीकडे नवे रंबलर टाकले, वळणावरचे खरवडून काढले, हॉर्न न वाजवण्याची पाटी लागली. पाटीने फरक पडला नाही. पट्ट्यांनी पडला. फाळक्यांचा आवाज अजून येतो, पण खिडकीच्या काचा थरथरायच्या थांबल्या आहेत. भिंतीचा प्रस्ताव त्या आकृतीसह वरच्या कार्यालयात आहे. फाटकाबद्दल तोंडी ‘पाहू’ म्हणाले, लेखी काही नाही.

आगीच्या बाजूला मी आता सभेवर विसंबले नाही. झालेल्या ठरावात माणसं घालता येणार नाहीत, नवा विषय द्या, असं सभा लिपिकांनी सांगितलं. तेव्हा तिसरा अर्ज केला. या वेळी सोबत केंद्रप्रमुखांनी वर्षानुवर्षं पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती जोडल्या. माहितीच्या अधिकारात त्या रीतसर मिळाल्या. शहरात बंब 5 ते 7 मिनिटांत पोहोचावा असं मानक आहे, हेही त्यात होतं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं. शिवाय आम्ही आमच्या इमारतींचा ‘ब’ नमुना भरून त्याची पोच जोडली, म्हणजे आधी स्वतःचं बघा असं म्हणायला कोणाला जागा नको. त्या निमित्ताने आमच्याच जिन्यातल्या नळीला तोंड नसल्याचं उघड झालं. कोणीतरी पितळ म्हणून विकलं असावं.

अर्थसंकल्पाच्या सभेआधी मी नगरसेवकांना एकेकट्याने भेटले. सभागृहात जे मोठ्याने बोलतात ते घरी निवांत ऐकून घेतात, हा अनुभव नवा होता. शहरबंदीवर टाळ्या घेतलेल्या गृहस्थांनी विचारलं, “पण ताई, माणसं भरायची तर सरकारची मंजुरी लागेल.” मी म्हटलं, लागेल, प्रस्ताव तर पाठवा. तोवर कंत्राटी चालक-यंत्रचालक आणि फायरमन घेता येतील, फक्त ते प्रशिक्षित असावेत एवढं निविदेत लिहा. त्यांनी ते माझ्यासमोर टिपून घेतलं.

जलकुंभाला बंब भरायची जोडणी झाली. सगळ्यात स्वस्त काम होतं आणि त्याला ठरावही लागला नाही. पाणीपुरवठा अभियंता आणि केंद्रप्रमुख एकदा जागेवर भेटले, बस्स. उपकेंद्राची शेड उभी आहे, गाडी दिवसपाळीपुरती असते. नव्या विषयपत्रिकेत अग्निशमनचा विषय चौथा आहे आणि टिपणीत प्रथमच पाळीनिहाय पदांचा तक्ता आहे. केंद्रप्रमुखांना सभेला माहिती देण्यासाठी उपस्थित राहण्याचं लेखी पत्र गेलंय. नगरसेविकांनी मला त्याची प्रत पाठवली आणि खाली लिहिलं, ‘या वेळी त्यांनाच उभं करते.’